विमान मोड

तेलावीच्या बाजारात रामाझ म्हणाला,
ड्रोन कुठलाही घे, फारसं बिघडत नाही,
खरा प्रश्न, तू बघणार कशातून.
आणि सोयरीक जुळवताना फोटो मांडावेत तसे
काचेवर त्याने दोन फोन मांडले.

हा अ‍ॅपलचा. अ‍ॅप निमूट उतरतं, चित्र अडखळत नाही,
पण थंडीत याचा जीव चिमणीएवढा,
चाळीस टक्के म्हणता म्हणता डोळे मिटतो.
हा अँड्रॉइड. स्वस्त. याचं अ‍ॅप दुकानात नाही,
कंपनीच्या दारात जाऊन आणावं लागतं,
'अनोळखी स्रोत' म्हणून तो कुरकुरेल,
तू हो म्हणायचंस.
आणि दर अपडेटनंतर जरा देवाचं नाव घ्यायचं.

मी मान डोलावली.
माझा हिशेब तिसराच होता.

अ‍ॅपल माझ्याकडे होताच.
आईने पाठवलेला, इटलीतल्या बारीहून,
कुणा म्हातारीचे पाय चोळून, गोळ्या मोजून
साठवलेल्या पैशांचा.
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आला होता.
लोकर आमच्याच मेंढ्यांची;
सहा वर्षांपूर्वी जाताना तीच घेऊन गेलेली.

पहिल्यांदा उडवलं ते त्याच फोनवर.
तुशेतीचा डोंगर खाली खाली गेला,
बाबा माझ्या मागे श्वास धरून,
तीनशे चाळीस मेंढ्या, सांडलेलं मीठ जणू.
कुर्शा कुठाय, बाबाने विचारलं,
आपला कुत्रा दिसत नाही.
थांबा, जवळ नेतो, म्हणेपर्यंत
पडदाभर आईचा चेहरा.
हिरवं बटण, लाल बटण,
आणि त्यांच्या मागे कुठेतरी दरी.

मी लाल दाबलं.

ड्रोन वाचला. पाइनच्या फांदीला एक पातं देऊन आला.
रात्री आईने विचारलं नाही, का कापलास.
जेवलास ना, एवढंच.

रामाझ फोनवर हसत सुटला.
अरे, विमान मोड लाव! पहिला धडा तोच.
उडायचं तर आधी सगळ्यांशी तोडायचं.

त्याला काय सांगणार.
म्हातारी झोपते दुपारी दोन ते चार,
तेवढीच आईची सुट्टी.
तिचे दोन म्हणजे आमचे चार,
आणि आमच्या खिंडीतलं धुकं
फाटलंच तर फाटतं चारनंतर.

म्हणून मग टॅब्लेट.
शाळेने मोडीत काढलेला, कोपरा तडकलेला, अँड्रॉइड,
गुडा चीजच्या दोन पिशव्यांच्या बदल्यात.
त्यात सिम नाही. त्याचा नंबर कुणाकडे नाही.
रिमोटच्या चिमट्यात तो मावेना,
बाबाने पत्रा कापून खोबण केली, दोरीने आवळली.
अ‍ॅप कुरकुरलं. मी हो म्हणालो.
नकाशे आधीच भरून ठेवले.
उन्हात त्यावर काही म्हणजे काही दिसत नाही,
म्हणून बाबा आपला नमद्याचा झगा पसरून
माझ्या डोक्यावर धरतो.
आत मेंढीचा वास, तंबाखूचा वास,
आणि एक हलणारा डोंगर.

आईचा फोन माझ्या सदऱ्यात, छातीशी.
तिथे तो गार पडत नाही.

काल वाजला.
दोन्ही हात काड्यांवर, ड्रोन पलीकडच्या कड्यावर,
एक लंगडी मेंढी कळपातून सुटलेली.
बाबा, म्हटलं, तुम्ही घ्या.
बाबाने कधी घेतलेला नाही.
एका हातात झगा, दुसऱ्या हाताने
माझ्या छातीतून तो काढला,
तिनदा चुकीचं दाबलं, चौथ्यांदा लागला.
लामारा, बाबा ओरडला,
आवाज बारीपर्यंत न्यायचाच असल्यासारखा,
हे बघ, तुझ्या मेंढ्या!
आणि फोन टॅब्लेटसमोर धरला.

नेटवर्कची एक रेघ. थांबत थांबत तिचा आवाज:
काही दिसत नाही हो, काळंच आहे सगळं.

मी चोरून पाहिलं.
बाबाचा अंगठा कॅमेऱ्यावर.

अंगठा आहे तुमचा, ती म्हणाली.
बाबा गडबडला, काढायला गेला.
राहू दे, ती म्हणाली. थोडा वेळ राहू दे.

बॅटरी बावीस टक्के.
लंगडी अजून कड्यावरच होती.